आईबाबांसाठी गाडी घेताय? ईव्ही की हायब्रिड, पहिल्यापासून सांगतो

आईबाबांसाठी क्लच नसलेली गाडी बघायला गेलं की आजकाल शोरूमवाला लगेच ईव्ही (नुसत्या बॅटरीवर चालणारी) नाहीतर हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेली) दाखवतो, मग घरी रेंज, बॅटरी, सबसिडी, रिसेल यावर चर्चा सुरू होते आणि ज्यांना ती गाडी रोज चालवायचीय त्यांचे गुडघे, मान, डोळे, पार्किंग आणि घरातलं वायरिंग हे सगळं शेवटी येतं. मी म्हणतो उलट करा. ही गाडी तुमची नाही, त्यांची आहे. तुम्ही पुण्यात, बेंगळुरूत नाहीतर परदेशात असाल, ते नाशिकला, सांगलीला, रत्नागिरीला असतील, आणि गाडी अडली तर तिथं तुम्ही नसणार. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्यात एकच गोष्ट धरून ठेवलीय: साठी-सत्तरीतल्या माणसावर एकट्यानं पब्लिक चार्जरवर फोन हातात घेऊन उभं राहायची वेळ येता कामा नये. ही एक गोष्ट पाळली की निम्मे निर्णय आपोआप होतात.

पहिलं काम: गाडी नाही, त्यांचा महिना बघा

कागद घ्या आणि आईबाबांना विचारून लिहा की महिनाभरात ते कुठं कुठं जातात. मंडई, बँक, दवाखाना, देऊळ, नातवंडांची शाळा, महिन्यातून एकदा मामाकडे, वर्षातून दोनदा गावी. प्रत्येकापुढे अंतर लिहा आणि गाडी कोण चालवतं ते लिहा. बहुतेक घरांत आकडा महिन्याला ३०० ते ६०० किलोमीटर निघतो, आणि शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास असला तर तेव्हा मुलगा, जावई किंवा रोजावरचा ड्रायव्हर चालवत असतो.

आईला वेगळं विचारा, बाबांसमोर नको. कितीतरी घरांत आईनं पूर्वी गाडी शिकलेली असते, लायसनही असतं, पण क्लच, चढावर गाडी मागे येणं आणि मागून हॉर्न मारणारे लोक यामुळे तिनं सोडून दिलेलं असतं. दोन पेडलची, झटके न देणारी गाडी मिळाली तर ती परत चालवायला लागते, आणि माझ्या मते ईव्ही घ्यायचं सगळ्यात मोठं कारण पेट्रोल वाचणं नाहीच, हेच आहे.

त्याच वेळी लायसनची तारीख बघून घ्या. ५५ च्या पुढे नूतनीकरण पाच पाच वर्षांनी होतं आणि त्याला डॉक्टरचं फॉर्म १ए, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट लागतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललेलं असेल तर आधी ते करा, गाडी दोन महिने थांबू शकते. आणि रात्री समोरून येणारे लाइट सहन होत नसतील, मान वळवून मागे बघता येत नसेल, तर गाडी त्यांनी स्वतः चालवायची का ड्रायव्हर ठेवून मागे बसायचं याचं उत्तर प्रेमानं पण खरं खरं ठरवा, कारण चालवणाऱ्यासाठीची गाडी आणि मागे बसणाऱ्यासाठीची गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

दुसरं: प्लग कुठं लागणार

हे काम गाडी बुक करायच्या आधी करायचं, नंतर नाही, आणि फोनवर नाही, प्रत्यक्ष जाऊन.

स्वतःचं घर, बंगला किंवा गावचं घर असेल तर जिथं गाडी उभी राहते तिथं १५/१६ अँपिअरचा तीन पिनचा सॉकेट लागतो, गीझरला असतो तसा. त्यातून गाडी साधारण ३.३ किलोवॅटनं चार्ज होते. म्हणजे २४ युनिटची छोटी बॅटरी रात्री जेवण झाल्यावर लावली की सकाळच्या चहापर्यंत भरते आणि आईबाबांच्या वापराला हे पुरून उरतं. शोरूमवाले ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, घ्या म्हणतील, मोठी बॅटरी असेल आणि रोज दूर जाणं असेल तर घ्या, नाहीतर गरज नाही.

पण सॉकेट आहे म्हणजे झालं असं नाही. वायरमनला बोलवा आणि ही कामं सांगा: मीटरपासून गाडीसाठी वेगळी लाइन, दुसरं काही त्यावर नको, वायर किमान ४ स्क्वेअर एमएमची (वॉलबॉक्स असेल तर ६, अंतर जास्त असेल तर १०), स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडतो), त्यासोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडतो, शॉकपासून वाचवतो), आणि चांगलं अर्थिंग. अर्थिंगवर मी मुद्दाम जोर देतोय. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि गावच्या घरांत अर्थिंग नावालाच असतं, टीव्ही फ्रिज चालतात म्हणून कोणाला कळत नाही, पण गाडीचा चार्जर ते तपासतो आणि लाल दिवा दाखवून चार्ज करायलाच नकार देतो, मग सगळ्यांना वाटतं नवी गाडी बिघडली. गाडी यायच्या आधी मीटर लावून अर्थिंग मोजून घ्या, गरज असेल तर नवा खड्डा घ्या. एक्सटेन्शन बोर्ड लावून चार्ज करायचं नाही, एक रात्र सुद्धा नाही. सात-आठ तास सलग एवढा करंट साध्या बोर्डातून गेला की तो वितळतो.

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो बघा. दोन किलोवॅट असेल आणि घरात गीझर, एसी, वॉशिंग मशीन असेल तर वाढवायला लागेल, महावितरणच्या वेबसाइटवर अर्ज करता येतो. आणि बिलाचा अजून एक मुद्दा आहे जो कोणी सांगत नाही: महावितरणचे घरगुती दर स्लॅबनं वाढतात, १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५००, मग त्याच्या वर. महिन्याला ५०० किमी चालली तर ७० च्या आसपास युनिट वाढतात आणि ही वाढलेली युनिट वरच्याच स्लॅबमध्ये जातात, म्हणून हिशोब करताना बिलाचा सरासरी दर धरू नका, त्यांच्या शेवटच्या स्लॅबचा दर धरा. छत स्वतःचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सोलरला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, ईव्ही आणि सोलर दोन्ही एकत्र विचारात घेतले तर मजा येते, पण ते नंतरही करता येतं.

सोसायटी असेल तर आधी कमिटीला लेखी अर्ज द्या, तोंडी नको. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मालकाला घरच्या चालू कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते, हे अर्जात लिहा. आमच्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर, खर्च आमचा, काम परवानाधारक ठेकेदाराकडून, असं स्पष्ट मांडलं की सेक्रेटरीची निम्मी भीती जाते. पार्किंग ठरलेलं नसेल, आज इथं उद्या तिथं असं असेल, किंवा गाडी रस्त्यावर उभी राहत असेल, तर ईव्हीचा विषय मी तिथंच बंद करतो. वरच्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून चार्ज करणारे लोक आहेत, आईबाबांना ते करायला लावू नका.

कोकणात अजून एक प्रश्न येतो, पावसात वीज जाते आणि कधी कधी बराच वेळ येत नाही. छोट्या वापराला तरीही चालतं कारण गाडीत दोन-तीन दिवसांचा साठा असतोच, पण घर गावापासून लांब असेल आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला तीच एक गाडी असेल तर मी हायब्रिडकडे वळेन. चार्जिंगची जागा पत्र्याखाली असली पाहिजे हे वेगळं सांगायला नको.

तिसरं: हायब्रिड म्हणजे नेमकं कुठलं

इथं खूप लोक फसतात. गाडीच्या मागे हायब्रिड लिहिलंय म्हणून ती बॅटरीवर चालते असं नाही. एर्टिगासारख्या गाड्यांत जे स्मार्ट हायब्रिड असतं त्यात छोटी मोटर इंजिनाला थोडा हात देते आणि सिग्नलला बंद झालेलं इंजिन परत चालू करते, एवढंच, नुसत्या विजेवर गाडी हलत नाही. याला माइल्ड हायब्रिड म्हणतात आणि ती पेट्रोल गाडीच समजायची. अशा गाडीला मॅन्युअल गिअरही असू शकतो, तेव्हा तेही बघा.

खरं हायब्रिड म्हणजे स्ट्राँग हायब्रिड. मारुती ग्रँड विटारा, तिची जुळी टोयोटा हायरायडर, मारुती व्हिक्टोरिस, होंडा सिटी ई:एचईव्ही, आणि मोठ्यात टोयोटा इनोव्हा हायक्रॉस. यात प्लग नाही, पेट्रोल भरायचं, बाकी सगळं गाडी स्वतः बघते, कमी वेगात विजेवर चालते, ब्रेक दाबला की बॅटरी भरते, आणि म्हणून हायवेपेक्षा शहरातल्या गर्दीत जास्त फायदा देते. वयस्कर माणसाला नवीन काहीच शिकावं लागत नाही. यातलं टोयोटाचं तंत्रज्ञान १९९७ पासून, पहिल्या प्रायसपासून रस्त्यावर आहे, त्यामुळे भरवशाच्या बाबतीत मला त्यावर विश्वास आहे. पण ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये बॅटरी डिकीत जागा खाते, सिटीमध्येही तसंच, तेव्हा व्हीलचेअर किंवा वॉकर न्यायचा असेल तर ती वस्तू घेऊन शोरूमला जा आणि डिकीत ठेवून बघा.

तर निवड अशी: घरी पक्का प्लग आहे, स्वतः चालवायचा लांबचा प्रवास नाही, तर ईव्ही. प्लग नाही, किंवा बाबा अजूनही स्वतः सोलापूरहून कोल्हापूरला गाडी घेऊन जातात आणि जाणारच आहेत, तर स्ट्राँग हायब्रिड. आणि प्लगही नाही, वापरही महिन्याला दोनशे-तीनशे किमी, बजेटही कमी, तर साधी पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या. मला ईव्ही मनापासून आवडतात पण या तिसऱ्या घरात ती घ्या असं मी सांगणार नाही.

चौथं: पैशांचा हिशोब, खरा खरा

पेट्रोल १०५ रुपये धरा, छोटी ऑटोमॅटिक शहरात १४ चा अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. ईव्ही चार्जिंगमधली गळती धरून एका युनिटला ७ किमी, युनिट १२ रुपये धरलं तर किलोमीटरला १ रुपया ७० पैसे. स्ट्राँग हायब्रिड शहरात २० देते असं धरलं तर सव्वापाच रुपये.

महिन्याला ५०० किमी म्हणजे वर्षाला ६००० किमी. पेट्रोलला ४५ हजार, ईव्हीला दहा-साडेदहा हजार, हायब्रिडला साडेएकतीस हजार. ईव्ही तशाच पेट्रोल गाडीपेक्षा अडीच लाखांनी महाग पडली तर पैसे वसूल व्हायला सात वर्षं. महिन्याला ३०० किमी असेल तर बारा वर्षं. आणि हायब्रिडसाठी तीन लाख जास्त मोजले तर वर्षाला साडेतेरा हजारांच्या बचतीनं ते आईबाबांच्या वापरात वसूल होत नाहीतच. म्हणून वसुलीच्या नावाखाली महागडी गाडी घेऊ नका, आराम हवाय म्हणून घ्या आणि तो आराम किती रुपयांचा आहे ते तुम्ही ठरवा.

कराचं सांगतो. ईव्हीवर जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या त्यामुळे ईव्ही आणि पेट्रोलमधला फरक पूर्वीपेक्षा वेगळा झालाय, जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका. वर सांगितलेल्या स्ट्राँग हायब्रिड आकारानं आणि इंजिनानं मोठ्या असल्यानं ४० टक्क्यांत बसतात. ईव्हीच्या कर्जावरच्या व्याजाला आयकराच्या कलम ८०ईईबी खाली सूट मिळते असं कोणी सांगितलं तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर ईव्ही कारला टोलमाफी सुरू झाली, मुलं मुंबईत आणि आईबाबा पुण्यात असतील तर हे छान आहे, फक्त फास्टॅगवर गाडीची नोंद बरोबर आहे ना आणि पैसे कापले जात नाहीत ना ते पहिल्या फेरीला बघा. राज्याचं अनुदान मिळणार असेल तर ते ऑन-रोड किमतीत आधीच वजा केलंय की नंतर मिळणार आहे हे शोरूमकडून लेखी घ्या.

बॅटरी भाड्यानं, म्हणजे गाडी स्वस्त आणि किलोमीटरमागे पैसे, ही योजना एमजीच्या गाड्यांमुळे चर्चेत आली. घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा: महिन्याला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात? आईबाबा त्याहून कमी चालवणार असतील तर ही योजना त्यांच्यासाठी नाही.

पाचवं: त्यांना घेऊनच शोरूमला जा

टेस्ट ड्राइव्ह तुम्ही घ्यायची नाही, त्यांनी घ्यायची. आधी नुसतं बसणं-उठणं बघा. सीट एवढ्या उंचीवर पाहिजे की कंबर खाली न टाकता सरळ बाजूनं बसता येईल, खूप खाली असेल तर उठताना गुडघ्यावर जोर येतो आणि खूप उंच असेल तर आईला साडीत चढता येत नाही. पंच ईव्हीची दारं ९० अंशांपर्यंत उघडतात, आणि संधिवात असलेल्या माणसाला त्याचा किती फरक पडतो ते एकदा समोर बघा मग कळेल. पाच वेळा बसायला-उठायला सांगा, पहिल्यांदा सगळेच ठीक म्हणतात, खरं उत्तर चौथ्या-पाचव्यांदा चेहऱ्यावर येतं.

मग बटणं. एसी, वायपर, काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर, हे खरं बटण आहे की स्क्रीनमध्ये चार वेळा बोट लावून मिळतं? पावसात घाटात काचेवर वाफ आली की स्क्रीनमध्ये शोधत बसणं धोक्याचं आहे. गिअर कसा निवडायचा तेही बघा, कुठं गोल नॉब, कुठं स्टिअरिंगच्या बाजूला काडी, मॅन्युअलवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला नॉबवर डी आहे की आर आहे हे नजरेनं बघायची सवय लागायला वेळ लागतो. ३६० कॅमेरा किंवा निदान चांगला मागचा कॅमेरा मात्र नक्की घ्या, मान न वळणाऱ्यांसाठी यापेक्षा उपयोगी फीचर नाही. सनरूफचे पैसे इकडे वळवा.

टेस्ट ड्राइव्ह त्यांच्या रोजच्या रस्त्यावर मागा, त्यांच्या सोसायटीच्या रॅम्पवर, त्यांच्याच पार्किंगमध्ये. आणि रिजन, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतः मंद होते ते, कमीत कमीवर ठेवून चालवा. रिजन जास्त असेल तर चालवणाऱ्याला मजा वाटते पण मागे बसलेल्या आईला गाडी लागते. बऱ्याच लोकांना ईव्हीत मळमळतं ते याच कारणानं, सेटिंग बदललं की जातं.

सहावं: कुठल्या गाड्या बघायच्या

किमती बदलत राहतात म्हणून ढोबळच सांगतो. आठ लाखांच्या आसपास सुरू होणारी टियागो ईव्ही २०२२ मध्ये आली, १९.२ आणि २४ युनिटच्या दोन बॅटऱ्या, शहरापुरती छान, पण सीट खाली आहे. कंपनीची कागदावरची रेंज काहीही असो, एसी लावून रोजच्या वापरात तिच्या ६५-७० टक्के धरा, हे सगळ्याच ईव्हींना लागू. एमजी कॉमेट जेमतेम तीन मीटर लांब आहे, पुण्याच्या पेठेत किंवा ठाण्याच्या गल्लीत पार्क करायला तिच्यासारखी गाडी नाही, फक्त दोनच दारं आहेत, तेव्हा दोघंच जण पुढे बसून फिरणार असतील तरच. मागे आजीला बसवायचं असेल तर नको.

माझी पहिली पसंती आईबाबांसाठी टाटा पंच ईव्ही आहे. उंची योग्य, दारं मोठी, आणि भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०२४ ला तिला पाच स्टार मिळालेत. मोठ्या बॅटरीची घ्या, रोज लागते म्हणून नाही, सारखं टक्के बघायची चिंता नको म्हणून. थोडं बजेट वाढत असेल तर नेक्सॉन ईव्ही. मागे बसून जाणाऱ्यांसाठी एमजी विंडसर, पाय पसरायला भरपूर जागा आणि मागची सीट १३५ अंशांपर्यंत मागे झुकते, डायलिसिसला किंवा केमोला नेणं-आणणं असेल तर याची किंमत कळते, पण त्यात बऱ्याच गोष्टी स्क्रीनमधून कराव्या लागतात म्हणून बाबा स्वतः चालवणार असतील तर आधी नीट वापरून बघा.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये हायरायडर आणि ग्रँड विटारा आतून एकच, त्यामुळे ज्याचं सर्व्हिस सेंटर त्यांच्या गावाजवळ आहे ती. सिटी चालवायला सुंदर पण खाली बसते, गुडघ्याचं दुखणं असेल तर सोडा.

जुनी ईव्ही घेताय तर बॅटरीची तब्येत किती टक्के आहे याचा अधिकृत सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट मागा आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला किती उरते ते लेखी घ्या. रिपोर्ट देत नसेल तर विषय संपला.

सातवं: सर्व्हिस सेंटर, आणि ती छोटी बॅटरी

भरवशाची गाडी म्हणजे बिघडत नाही अशी गाडी नव्हे, बिघडली तर दोन दिवसांत घरी परत येते अशी गाडी. त्यांच्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला स्वतः जा आणि विचारा की ईव्हीची हाय-व्होल्टेज कामं इथं होतात का, की गाडी पुण्याला पाठवता? ट्रेनिंग घेतलेले मेकॅनिक किती? बाहेर उभ्या असलेल्या एक-दोन ईव्ही मालकांशी बोला, ते खरं सांगतात. शोरूम शहरात आहे म्हणजे ईव्हीची सर्व्हिस शहरात आहे असं धरू नका.

मोठ्या बॅटरीची काळजी लोक फार करतात, तिला साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी असते, काही कंपन्या काही मॉडेलवर पहिल्या मालकाला लाइफटाइमही देतात. वयस्कर लोकांची गाडी खरी अडते ती १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीमुळे. ईव्हीत आणि हायब्रिडमध्ये दोन्हीकडे ही असते, गाडी उघडणं, स्क्रीन, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर. गाडी बरेच दिवस नुसती उभी राहिली की ती उतरते आणि मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी गाडी चालू होत नाही. आईबाबा मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जाणार असतील तर किल्ली शेजाऱ्याकडे किंवा भाच्याकडे द्या आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवायला सांगा, किंवा सर्व्हिसवाल्याकडून १२ व्होल्टची निगेटिव्ह तार काढून ठेवा. ईव्हीची मोठी बॅटरी अशा वेळी पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायची, शंभर भरून नाही आणि रिकामी तर अजिबात नाही.

आठवं: कागदपत्रं कोणाच्या नावावर

गाडी आईच्या किंवा बाबांच्या नावावर घ्या, ज्याच्या पत्त्यावर ती राहणार त्याच्या. प्रेमापोटी स्वतःच्या नावावर घेऊन पुढे त्यांच्या नावावर करायचं ठरवलंत तर ते कागदावर दुसरे मालक होतात आणि पहिल्या मालकासाठीची लाइफटाइम बॅटरी वॉरंटी हातातून जाऊ शकते. इन्शुरन्स झिरो डेप (क्लेममध्ये पार्टची घसारा न कापणारा) घ्या, ईव्हीला बॅटरी आणि चार्जरचं कव्हर वेगळं जोडा, पाणी शिरलं तर काय हेही विचारा. बॅटरी आयपी६७, म्हणजे पाणी-धूळ आत न जाणारी, आहे म्हणून साचलेल्या पाण्यात गाडी घालायची नसते, हे बाबांना स्पष्ट सांगा. नॉमिनीचं नाव रिकामं सोडू नका.

गाडीच्या अ‍ॅपचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येणार हे डिलिव्हरीच्या दिवशीच ठरवा. तुमच्या फोनवर ठेवलंत तर लांबून चार्ज किती आहे दिसतं, नागपूरच्या मे महिन्यात ते खाली यायच्या आधी एसी चालू करता येतो. पण लोकेशनही दिसतं, तेव्हा त्यांना विचारूनच ठेवा, त्यांची गाडी आहे.

नववं: पहिला महिना

गाडी आली की निदान दोन-तीन दिवस तिथं राहा. पहिल्यांदा रिकाम्या मैदानात न्या आणि डावा पाय मागे ठेवायची सवय लावा, मॅन्युअलची सवय असलेल्यांचा डावा पाय क्लच समजून ब्रेकवर जातो आणि गाडी कचकन थांबते. इको मोड लावून ठेवा, ईव्हीला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतो आणि गोंधळात अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला तर इकोमध्ये सावरायला वेळ मिळतो. गाडी थांबली की पी, मग हँडब्रेक, मग बंदचं बटण, हा क्रम दहा-पंधरा वेळा त्यांच्याकडून करून घ्या. इंजिनाचा आवाज नसल्यानं गाडी चालू आहे की बंद हे कळत नाही, आणि डॅशबोर्डवर रेडी (गाडी चालू) लिहिलेलं असताना उतरणं हा हायब्रिड आणि ईव्ही दोन्हीतला सगळ्यात मोठा धोका. गल्लीत लोकांनाही गाडी आलेली ऐकू येत नाही, हे त्यांना आणि ड्रायव्हरला दोघांनाही सांगा.

चार्जिंगची सवय सोपी ठेवा: ३० टक्क्यांच्या खाली गेली की रात्री लावायची. १०० टक्के कधी आणि किती दिवसांनी भरायची हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे ते वेगळं असतं, तेच पाळा, युट्यूबवरचं नाही. घाटमाथ्यावर राहत असाल, म्हणजे महाबळेश्वर-पाचगणी वगैरे, तर शंभर भरून खाली उतरू नका, भरलेल्या बॅटरीत रिजनला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

बऱ्याच ईव्हीत स्टेपनी येत नाही, फक्त पंक्चर किट येतो, आणि सत्तरीतला माणूस रस्त्यात वाकून तो वापरणार नाही. रोडसाइड असिस्टन्सचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून सनव्हायजरच्या मागे चिकटवा, दोघांच्याही फोनमध्ये सेव्ह करा आणि तुम्ही तिथं असतानाच एकदा त्या नंबरवर फोन लावून बघा. त्याच कागदावर खाली लिहा: गाडी दोरीनं ओढायची नाही, फ्लॅटबेडवरच (सपाट ट्रकवर चढवून) न्यायची.